पाण्यापासून किती अंतरावर? : तुकईथडच्या नाल्याकाठची झाडं ओळखताना

एप्रिल-मे महिन्यात तुकईथडच्या आसपासच्या एखाद्या टेकडीवरून खाली पाहिलं, की जंगलाचे सरळ दोन भाग दिसतात. उतारांवरच्या साग, सालई, धावड्याची पानं केव्हाच झडलेली असतात आणि नुसत्या करड्या फांद्या उरलेल्या असतात. त्यांच्यामधून वळणं घेत एक हिरवीगार रेघ जाते. ती रेघ म्हणजे नाला. पात्रातलं पाणी आटलं तरी वाळू-गोट्यांच्या खाली ओल टिकून असते, आणि त्या ओलीपर्यंत मुळं पोचलेली झाडं ऐन उन्हाळ्यातही हिरवी राहतात.

झाडं ओळखायला शिकायचं असेल, तर अशा नाल्यासारखी दुसरी जागा नाही. बहुतेक जण पुस्तक उघडून फुलांच्या चित्रांवरून सुरुवात करतात. पण फूल वर्षातून काही आठवडेच भेटतं, आणि उंच झाडाचं फूल तर डोक्यावर कुठेतरी असतं. झाड कुठे उभं आहे, हे मात्र बारा महिने दिसतं. नाल्याच्या तळापासून डोंगराच्या उतारापर्यंत पन्नास-शंभर पावलांत झाडांची अख्खी जमात बदलते. झाड पाण्यापासून किती अंतरावर आहे हा प्रश्न आधी विचारला, तर अर्धी ओळख तिथेच पटते. पान, साल आणि फळ उरलेली अर्धी पटवून देतात.

तुकईथडचा मुलूख

तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, अकोला-खंडवा या जुन्या मीटर गेज लोहमार्गावरचं गाव. बुऱ्हाणपूर जिल्हा २००३ मध्ये खंडव्यापासून वेगळा झाला. हा सगळा भाग तापीच्या खोऱ्यातला, सातपुड्याच्या रांगांमधला आणि मेळघाटाच्या शेजारचा. खाली काळा बेसाल्ट आहे. चांगला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. त्या काळात नाले दोन्ही काठ धुऊन वाहतात, दिवाळीनंतर धार बारीक होते आणि उन्हाळ्यात डोह तेवढे उरतात.

एच. जी. चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनप्रकारांची सुधारित मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार इथलं जंगल दक्षिणेकडच्या उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी प्रकारात मोडतं. म्हणजे वर्षातले कित्येक महिने पाण्याची वाण आणि त्यावर उपाय म्हणून पानं गाळणारी झाडं. नाल्याची पट्टी या नियमाला अपवाद आहे, म्हणून तिथली झाडं वेगळी उठून दिसतात.

अशा नाल्याचे मनाने चार भाग करावेत : वाळू-गोट्यांचं पात्र, पुराचं पाणी दरवर्षी चढतं तो काठ, काठावरची गाळमातीची सपाटी, आणि त्यापलीकडचा खडकाळ उतार.

पात्रात : वाकून टिकणारी झुडपं

पात्रात उंच झाड सहसा टिकत नाही. पावसाळ्यात पाण्याचा लोंढा येतो तेव्हा ताठ उभं राहणारं खोड मोडतं किंवा मुळासकट जातं. इथे लवचीक झुडपांचं राज्य असतं.

मोठ्या खडकाळ पात्रांमध्ये शेरणी नावाचं झुडूप भेटतं. तिची पानं अरुंद आणि लांबट असतात, फांद्या वेतासारख्या वाकतात आणि मुळं खडकांच्या फटीत घट्ट रुतलेली असतात. पूर आला की ती आडवी होते, पाणी ओसरलं की पुन्हा उभी राहते. तिच्या फांद्यांवर अडकलेला काडीकचरा कुठल्या दिशेला झुकला आहे ते पाहिलं, की पुराचा ओघही कळतो. वाहत्या पाण्यात राहणाऱ्या कितीतरी असंबंधित वनस्पतींची पानं अशीच निमुळती असतात, कारण अरुंद पान पाण्याला कमी अडवतं. पात्रात अरुंद पानांचं झुडूप दिसलं, तर त्यामागे हे कारण आहे हे लक्षात ठेवावं.

डोहांच्या कडेला, गाळ साचलेल्या जागी पाणकणीस आणि लव्हाळे उगवतात. पाणकणसाची तपकिरी, मखमली कणसं लांबूनही ओळखू येतात. जिथे पाणकणीस, तिथे पाणी संथ आणि तळाशी गाळ, एवढं नक्की समजावं.

काठावर : अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर

खरी मौज काठावर आहे. इथली चार झाडं नीट ओळखता आली, की या पट्ट्यातल्या कुठल्याही नाल्यावर आपण परके राहत नाही.

पहिला मान अर्जुनाचा. मराठीत अर्जुनसादडा, मध्य भारतात कोहा किंवा कहू. मोठं झालेलं अर्जुनाचं झाड सालीवरूनच ओळखावं. साल गुळगुळीत, फिकट करडी, हिरवट-गुलाबी झाक असलेली, आणि तिचे मोठमोठे पापुद्रे सुटून पडलेले. खोड बुडाशी रुंद आणि खाचाळ असतं, मुळं काठाची माती कवळून धरतात. पानं लांबट, जवळजवळ समोरासमोर. पान उलटं करून देठ जिथे पानाला जुळतो तिथे पाहावं : दोन बारीक गाठी दिसतात. त्या मधुग्रंथी. फळाला लांबीच्या दिशेने पाच कडक पंख असतात.

याच अर्जुनाचा सख्खा भाऊ म्हणजे ऐन, इकडे ज्याला साजड किंवा साज म्हणतात. दोघांची फळं पाच पंखांचीच, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या फळांवरून पुष्कळांची फसगत होते. फळ हातात घेऊन पंखावरच्या रेषा पाहाव्यात. अर्जुनाच्या रेषा वळून वरच्या दिशेला जातात, ऐनाच्या सरळ आडव्या पंखाच्या कडेकडे जातात. सालीत तर शंकेला जागाच नाही. ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींनी भेगाळलेली असते. जागाही वेगळी : अर्जुन पाण्याला चिकटून, ऐन वरच्या जमिनीवर. टसर रेशमाचे किडे मात्र या दोन्ही झाडांच्या पानांवर पोसले जातात.

दुसरं जांभूळ. फळाच्या दिवसांत ते कुणालाही ओळखता येतं, एरवी पानाकडे पाहावं. पानं समोरासमोर, जाड, तुकतुकीत. पान उजेडासमोर धरलं की कडेपासून थोड्या अंतरावर, कडेला समांतर जाणारी एक बारीक शीर दिसते, आणि पानभर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके. ते तेलाचे कण. म्हणून पान चुरगळलं की उग्र वास येतो. निलगिरी आणि पेरू हे याच कुळातले, त्यांच्या पानांतही तेलाचे असेच कण असतात.

तिसरा करंज. इथे पान नीट समजून घ्यावं लागतं, कारण करंजाचं पान संयुक्त असतं. एका दांड्यावर सहसा पाच किंवा सात पर्णिका, आणि टोकाला एकटी पर्णिका. आपण पाहतो ते पान की पर्णिका, हे ठरवायची एक साधी खूण आहे. पानाच्या देठाच्या बगलेत डोळा म्हणजे कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. ही खूण एकदा अंगवळणी पडली, की अर्धा गोंधळ संपतो. करंजाची नवी पालवी लकाकणारी, पोपटी असते. एप्रिल-मे महिन्यांत पांढऱ्या-जांभळट फुलांचा सडा झाडाखाली पडतो. शेंग चपटी, जाड, लाकडासारखी, आणि आत बहुधा एकच बी. त्या बियांचं तेल पूर्वी दिव्यांत जाळलं जाई.

चौथा उंबर. इथे डहाळी किंवा पान खुडून पाहिलं की पांढरा चीक येतो. पण चीक वड, पिंपळ, रुई यांनाही असतो, म्हणून दुसरी खूण हवी. उंबराची फळं खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात. फळं नसली, तरी पानांवर लालसर-हिरवे फोड हमखास सापडतात. एका सूक्ष्म कीटकामुळे ते तयार होतात, आणि उंबर ओळखायला फार उपयोगी पडतात. उंबराचं फूल दिसत नाही असं म्हणतात, कारण फुलं फळाच्या आत, मिटलेल्या पोकळीत असतात. एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते. उंबर, वड, पिंपळ यांच्या गटातल्या झाडांना आपापली ठरावीक गांधीलमाशी लागते. ती नसेल तर बी धरत नाही.

आता या चौघांनाच काठ का मिळाला, हेही पाहावं. करंजाच्या शेंगा तरंगतात आणि पाण्याबरोबर पुढच्या काठाला लागतात. अर्जुनाची हलकी, पंखांची फळंही पाण्याबरोबर दूर जातात. जांभूळ आणि उंबर पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या, माकडांच्या आणि अस्वलांच्या पोटातून प्रवास करतात, आणि हे सगळे प्राणी पाण्यापाशी येतातच. म्हणजे वाहतं पाणी आणि पाणी प्यायला येणारे जीव हेच या काठाचे माळी आहेत. या झाडांना चिखलात आणि काही काळ पाण्याखाली मुळं ठेवून जगता येतं, ही त्यांची दुसरी लायकी. सागाला तेवढं साचलेलं पाणी सोसत नाही.

काठावर आणखी निर्गुडी आणि शिंदी लक्षात ठेवाव्यात. निर्गुडीच्या पानाला तीन किंवा पाच बोटं असतात, खालची बाजू रुपेरी, आणि कोवळी डहाळी चौकोनी. वास तर हाताला दिवसभर राहतो. शिंदी हे ताडाच्या कुळातलं झाड. पानाच्या बुडाकडच्या पर्णिका काट्यांत बदललेल्या असतात आणि खोडावर झडलेल्या पानांच्या चौकटी उमटलेल्या असतात. तिच्या पानांच्या केरसुण्या आणि चटया होतात.

गाळाच्या सपाटीवर

काठ चढून वर आलं की गाळमातीचा पट्टा लागतो. पुराचं पाणी इथे क्वचितच येतं, पण माती खोल असते. इथे कळंब, हेदू, कुसुम आणि बेहडा भेटतात.

कळंब आणि हेदू एकाच कुळातले. दोघांची पानं समोरासमोर, दोघांची फुलं गोल चेंडूसारख्या गुच्छांत. पानं पाहिली की फरक कळतो. हेदूचं पान रुंद आणि बुडाशी हृदयाच्या आकाराचं, कळंबाचं लहान आणि लंबगोल. दोघांनाही समोरासमोरच्या देठांच्या मध्ये पानासारखी छोटी उपपर्णं असतात. कॉफीच्या कुळाची ही ठळक खूण आहे. शहरांतल्या बागांमध्ये कदंब म्हणून लावतात ते झाड मात्र तिसरंच. त्याचे गेंद मोठे आणि नारिंगी असतात, आणि त्याचं मूळ घर जास्त पावसाच्या प्रदेशात आहे. या कोरड्या मुलखातल्या नाल्याकाठी आपोआप उगवलेलं गेंदफुलांचं झाड दिसलं, तर आधी कळंब आणि हेदू तपासावेत.

कुसुम मार्च-एप्रिलमध्ये पाहावा. त्याची नवी पालवी इतकी लालभडक असते, की लांबून फुलं आल्यासारखं वाटतं. पान संयुक्त, पर्णिकांच्या दोन ते चार जोड्या, टोकाची जोडी सर्वांत मोठी, आणि करंजाला असते तशी एकटी टोकपर्णिका नाही. कुसुमावर पोसलेली लाख उत्तम समजली जाते. बेहड्याची मोठी पानं फांद्यांच्या टोकांशी दाटीने येतात. तो अर्जुन-ऐनाचा नातलग असूनही त्याच्या फळाला पंख नसतात.

बांबूही दोन प्रकारचे आहेत आणि तेही पाण्याच्या अंतरानेच वाटले गेलेत. नाल्याच्या ओलसर खोबणीत काटस, म्हणजे कटांग : उंच, पोकळ, आणि बुडाशी काटेरी फांद्यांचं अभेद्य जाळं. उतारावर मानवेल : बारीक, बिनकाट्याचा, बुडाशी जवळजवळ भरीव. लाठीसाठी मानवेलच घेतात.

उतारावर : पाण्याशिवाय जगणारे

इथून पुढे नाल्याचा आधार संपतो. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस ही झाडं सर्वांच्या परिचयाची. या मुलखाची खरी ओळख मात्र तिघांमुळे आहे.

पहिली सालई. साल पातळ कागदासारखी सुटते, जखमेतून सुगंधी डिंक पाझरतो. नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९५६ मध्ये देशाला अर्पण झाला, तेव्हा या परिसरातली सालई आणि बांबू हाच त्याचा कच्चा माल होता. देशातल्या वर्तमानपत्रांसाठी स्वदेशी कागद पहिल्यांदा इथल्या डोंगरांतून निघाला.

दुसरी कढई, म्हणजे कराया डिंकाचं झाड. तिचं पांढरं, गुळगुळीत खोड पानं झडल्यावर ओसाड कड्यावर लख्ख दिसतं.

तिसरा अंजन. निमाड आणि खानदेशातल्या उथळ, खडकाळ जमिनीवर अंजनाची वनंच्या वनं आहेत. त्याचं पान दोन पर्णिकांचं. आपट्याशी घोटाळा होतो, पण आपट्याचं पान एकसंध असतं आणि टोकाला खाच असते. अंजनात दोन्ही पर्णिका अगदी देठापर्यंत सुट्या असतात. त्याचं लाकूड भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी एक, पाण्यात टाकलं तर बुडतं. मूळ सरळ खोल जातं. आता अंजन नाल्याच्या पात्रालगत शोधून पाहावा. तो सहसा तिथे मिळणार नाही. एखादं झाड कुठे उगवत नाही, हीसुद्धा त्याची ओळखच आहे.

पाहुणे, जे घर बळकावतात

पाण्याचं अंतर न जुमानणारी काही झाडं-झुडपं मात्र सगळीकडे दिसतील. घाणेरी, बेशरम, रानतुळस, गाजरगवत हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. बेशरमची जांभळट-गुलाबी फुलं सुरेख दिसतात, पण जनावरं तिला तोंड लावत नाहीत. तिच्या खोडाचा तुकडा वाहून जिथे अडकेल तिथे रुजतो, आणि बघता बघता डोहाची कड ती व्यापून टाकते. घाणेरीच्या जाळीखाली अर्जुन-जांभळाची रोपं वर येऊ शकत नाहीत. नाल्याची पाहणी करताना मोठी झाडं मोजतो, तशी त्यांच्याखालची रोपंही पाहावीत. मोठे अर्जुन दहा आहेत आणि रोप एकही नाही, तर तो नाला आजारी आहे असं समजावं.

नाव कुणाला विचारायचं?

डीट्रिच ब्रँडिस हे भारताचे पहिले वनमहानिरीक्षक. जे. लिंडसे स्ट्यूअर्ट यांनी सुरू केलेला वायव्य आणि मध्य भारताच्या वनांतल्या वनस्पतींचा ग्रंथ त्यांनी १८७४ मध्ये पुरा केला. त्यांच्यासारख्या वनअधिकाऱ्यांनी झाडांची स्थानिक नावं जागोजाग टिपून ठेवली, आणि ती नावं त्यांना गावकऱ्यांनी सांगितली होती. आजही सुरुवात तिथूनच करावी. तुकईथडच्या परिसरात मराठी, निमाडी, हिंदी आणि कोरकू या भाषा कानावर पडतात. कोरकू ही मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडची, आणि ती बोलणाऱ्या घरांत प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव आहे, प्रत्येक नावामागे उपयोग आहे. कोणती साल दोरासाठी, कोणतं फळ अस्वलाचं, कोणत्या झाडाखाली उन्हाळ्यात झिरा खणावा, हे जाणणारे आजी-आजोबा या गावांमध्ये आहेत. त्यांच्यासोबत नाल्याची एक चक्कर म्हणजे चालतं-बोलतं वनस्पतिशास्त्र आहे.

नोंद करताना एका झाडाला चार गोष्टी लिहाव्यात : पाण्यापासूनची जागा, साल, पानांची मांडणी, आणि सापडलं तर फूल-फळ. मग सर्व भाषांतली नावं, आणि शेवटी शास्त्रीय नाव, कारण तेवढं एक जगभर सारखं असतं : अर्जुनाला टर्मिनालिया अर्जुना, अंजनाला हार्डविकिया बायनाटा. ओळख पटेपर्यंत काहीही तोंडात घालू नये, आणि साल सोलू नये. औषधासाठी अर्जुनाची खोडं चौफेर सोलली जातात आणि झाडं उभ्या उभ्या वाळतात. गळून पडलेलं पान आणि फळ अभ्यासाला पुरेसं आहे.

अशा नोंदींना कायद्याचंही पाठबळ आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. शाळेतल्या मुलांनी एका नाल्याचा नकाशा काढून त्यावर झाडं मांडली, तर ती या नोंदवहीची उत्तम पानं होतील.

या ओळखीचा सर्वांत मोठा उपयोग झाडं लावताना होतो. दर पावसाळ्यात नाल्याकाठी रोपं लागतात आणि त्यांतली कित्येक पुढचा उन्हाळा पाहत नाहीत. पुराच्या वाटेवर साग लावला जातो, खडकावर जांभूळ, आणि मग मजुरी आणि पाणी दोन्ही वाया जातं. काठावर अर्जुन, करंज, जांभूळ, उंबर. सपाटीवर कळंब, कुसुम, बेहडा. उतारावर अंजन, सालई, धावडा, हा क्रम नाल्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यासाठी रोपवाटिकेची वाटही पाहायला नको. जांभळाचं बी वाळलं की रुजण्याची ताकद लवकर गमावतं, म्हणून पावसाच्या तोंडावर जांभळं खाऊन झाली, की त्याच आठवड्यात बिया काठाच्या ओल्या मातीत बोटभर खोल पुराव्यात. उन्हाळ्यात गोळा केलेली अर्जुनाची फळं पाण्यात भिजवून पहिल्या पावसाबरोबर लावावीत. जे झाड जिथलं आहे तिथे लावलं, की त्याला पुढे पाणी घालावं लागत नाही. ते काम नाला करतो.